केशवराव जेधे

केशवराव मारुतराव जेधे (२१ एप्रिल, १८९६ - १२ नोव्हेंबर, १९५९) हे पुण्यातील ब्राह्मणेतर चळवळीचे नेते, महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष, संविधान सभेचे सदस्य, शेतकरी कामगार पक्षाचे एक संस्थापक आणि संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील अग्रणी होते. पुणे नगरपालिकेने महात्मा जोतीराव फुले यांचा पुतळा उभारावा, या १९२५ सालच्या मागणीमुळे त्यांचे नाव प्रथम सर्वदूर झाले. नगरपालिकेत ही मागणी फेटाळली गेली, तरी शहराने कोणाचे स्मारक करावे आणि कशासाठी करावे, हा प्रश्न तिने पुण्याच्या सार्वजनिक जीवनात कायमचा आणून ठेवला.

घराणे व जडणघडण

जेधे हे भोर परिसरातील कारी गावचे देशमुख घराणे. शिवकाळातील कान्होजी जेधे याच घराण्यातले. केशवरावांचे कुटुंब पुण्यात स्थायिक झाले होते व पितळी भांड्यांच्या व्यवसायात त्याचा चांगला जम बसला होता. शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन ही त्यांची वास्तू पुढे ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांचे हक्काचे ठिकाण बनली. थोरले बंधू बाबूराव जेधे हे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या निकट वर्तुळातले होते. सत्यशोधक विचारांचा संस्कार केशवरावांना अशा रीतीने घरातूनच मिळाला. घरच्या व्यवसायामुळे पोटापाण्यासाठी नोकरी करावी लागली नाही. विरोध ओढवून घेण्याची मोकळीक त्यांना होती, असे म्हणता येईल.

गणेशोत्सवातील मेळे हे त्या काळी राजकीय प्रचाराचे प्रभावी साधन होते. १९२२ साली केशवराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्रपती मेळा सुरू केला. शिवाजी महाराज, फुले व शाहू यांचा गौरव आणि पुरोहितशाहीवर टीका करणारी पदे हा मेळा गात असे. प्रस्थापित मेळ्यांनी त्याला तशाच शब्दांत उत्तरे दिली. दिनकरराव जवळकर हा धारदार लेखणीचा तरुण याच काळात केशवरावांच्या बरोबरीने पुढे आला.

पुण्यातील स्मारकांची पार्श्वभूमी

फुले पुतळ्याचा वाद समजून घेण्यासाठी त्या दशकातील आणखी दोन स्मारकांकडे पाहावे लागते.

पहिले शिवस्मारक. शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात शिवाजी महाराजांचे स्मारक उभारण्याचे ठरले आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसवण्यात आली. राजपुत्राच्या दौऱ्यावर काँग्रेसचा बहिष्कार असल्यामुळे ब्रिटिश युवराजाच्या हातून शिवाजी महाराजांचे स्मारक ही गोष्ट राष्ट्रवादी पक्षाला रुचली नाही. मराठा संस्थानिक व ब्राह्मणेतर पुढारी यांना मात्र शिवाजी महाराज हे आपले पूर्वज आहेत आणि त्यांच्या स्मरणाचा अधिकार एकाच पक्षाकडे जाऊ नये, हे ठसवायचे होते. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला हा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा प्रत्यक्षात १६ जून, १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावृत झाला.

दुसरे स्मारक लोकमान्य टिळकांचे. १९२४ साली रे मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या मंडईत, टिळकांचा पुतळा बसवण्यात आला व मोतीलाल नेहरू यांनी त्याचे अनावरण केले. टिळकांच्या निधनाला तेव्हा चारच वर्षे झाली होती. फुले यांना जाऊन चौतीस वर्षे लोटली होती आणि ज्या शहरात त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेथे त्यांच्या नावाचे एकही सार्वजनिक स्मारक नव्हते.

१९२५ चा ठराव

नगरपालिकेत निवडून आल्यानंतर केशवरावांनी फुले यांचा पुतळा उभारण्याची मागणी मांडली. फुले हे स्वतः १८७६ ते १८८२ या काळात याच नगरपालिकेचे सदस्य होते. त्यामुळे मागणी एका अर्थाने अगदी साधी होती: नगरपालिकेने आपल्याच एका माजी सदस्याचा, शिक्षणप्रसारकाचा सन्मान करावा.

विरोध मात्र अत्यंत तीव्र झाला. फुले यांनी धर्मग्रंथांवर व ब्राह्मण वर्गावर केलेली टीका, मिशनऱ्यांशी असलेले त्यांचे संबंध आणि इंग्रजी राज्याविषयीची त्यांची मते पुढे करण्यात आली. सर्व समाजाच्या पैशातून उभा राहणारा पुतळा सर्वमान्य व्यक्तीचाच असावा, असा या विरोधामागचा मुख्य विचार होता. समर्थकांचा प्रतिप्रश्न असा होता की, ज्यांना अनेक रयतेच्या घरांत व गिरण्यांच्या चाळींत मान नव्हता, त्यांचे पुतळे सर्वमान्य कसे ठरले? शहराचा कर सर्व जाती भरतात, तर शहराची स्मृती एकाच जातीची का असावी?

या वादात एक विसंगती आहे आणि ती दोन्ही बाजूंनी फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्च करू नयेत, ते शिक्षणाकडे वळवावेत, अशी भूमिका घेणारे सदस्य स्वतः फुले होते. सार्वजनिक पैसा शोभेवर उधळण्यास ज्यांनी आयुष्यभर हरकत घेतली, त्यांच्याच पुतळ्यासाठी सार्वजनिक पैसा मागितला जात होता. परंतु केशवरावांच्या दृष्टीने हा पुतळा शोभेचा नव्हता. ज्यांना इतिहासात जागा नाकारली गेली, त्यांची जागा चौकात दिसावी, हा त्याचा हेतू होता.

ठराव फेटाळला गेला.

देशाचे दुश्मन

फुले यांच्यावर झालेल्या टीकेला उत्तर म्हणून जवळकर यांनी १९२५ मध्येच देशाचे दुश्मन ही पुस्तिका लिहिली व केशवरावांनी ती प्रसिद्ध केली. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर तीत अतिशय जहाल हल्ला होता. तिची भाषा आजही वाचकाला दचकवते. पुतळ्याच्या मागणीमागील युक्तिवादापेक्षा या भाषेचीच चर्चा अधिक झाली, हे पुस्तिकेचे अपयश म्हणावे लागेल. बदनामीचा खटला उभा राहून जेधे, जवळकर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना शिक्षा झाली. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले आणि १९२६ साली सर्वांची सुटका झाली.

पुढच्या वर्षी महाडच्या सत्याग्रहाला जेधे व जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. मात्र चळवळीत ब्राह्मणांना घेऊ नये, अशी अट घातली. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तींना नाही, हा त्यांचा खुलासा केशवरावांच्या तेव्हाच्या भूमिकेची मर्यादा दाखवून देतो.

काँग्रेसमधील काळ

१९३० नंतर केशवराव काँग्रेसमध्ये आले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला. काकासाहेब गाडगीळ यांच्याशी त्यांचे सख्य जुळले आणि या दोघांच्या सहकार्यातून ग्रामीण मराठा व बहुजन समाज मोठ्या प्रमाणावर काँग्रेसकडे वळला. १९३८ साली ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तेरा वर्षांपूर्वी टिळकभक्तांनी ज्यांना शत्रू मानले, ते आता टिळकांच्या पक्षाचे प्रांतिक प्रमुख होते.

फुले यांच्या स्मरणाबाबतही वारे बदलत होते. नगरपालिकेत आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. परिणामी टिळकांचा पुतळा फुले मंडईत उभा राहिला. ही रचना कोणी योजून केलेली नव्हती, पण पुण्याच्या इतिहासाला ती शोभते.

शेतकरी कामगार पक्ष व संयुक्त महाराष्ट्र

काँग्रेसमध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होते, या भावनेतून केशवराव, शंकरराव मोरे आदींनी स्वातंत्र्याच्या सुमारास शेतकरी कामगार पक्षाची स्थापना केली. पक्ष मार्क्सवादी विचारसरणीकडे झुकू लागल्यावर मतभेद वाढले आणि १९५४ मध्ये केशवराव काँग्रेसमध्ये परतले. या वारंवारच्या पक्षांतरावर टीका झाली, ती निराधार नव्हती.

भाषावार राज्याच्या प्रश्नावर त्यांनी पक्षशिस्तीपेक्षा चळवळीला प्राधान्य दिले. ६ फेब्रुवारी, १९५६ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरलेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. एस. एम. जोशी समितीचे सरचिटणीस झाले. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व आंबेडकरांचे अनुयायी यांना एका व्यासपीठावर आणणारी ही सभा टिळक स्मारक मंदिरात झाली होती.

१९५७ मध्ये केशवराव बारामती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. महाराष्ट्र राज्याची स्थापना पाहण्यापूर्वी, १२ नोव्हेंबर, १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

स्मृती

पुण्यात स्वारगेट येथील चौकाला व तेथील उड्डाणपुलाला केशवराव जेधे यांचे नाव आहे. गंज पेठेतील फुले वाडा राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केला गेला आहे. नवी दिल्लीत संसदेच्या आवारात महात्मा फुले यांच्या पुतळ्याचे अनावरण ३ डिसेंबर, २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. पुणे नगरपालिकेने ठराव फेटाळल्याला तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली होती.