श्मुएल योसेफ अग्नोन : एका लेखकाची तपश्चर्या



इस्राएलमध्ये १९८५ सालापासून जवळजवळ तीस वर्षे पन्नास शेकेलच्या नोटेवर काळी किप्पा घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे चित्र असे. २०१४ साली नवी नोट आली आणि त्या जागी दुसऱ्या कवीचे चित्र आले. बाजारात भाजी घेताना ती जुनी नोट आपण सर्वांनी असंख्य वेळा हाताळली. परंतु हे गृहस्थ कोण आणि त्यांनी असे काय केले, याची चौकशी आपल्यापैकी फार थोड्यांनी केली असेल. खरे सांगावयाचे तर आम्हीही ती पुष्कळ उशिरा केली. म्हणून या अंकात हिब्रू भाषेचे थोर कथाकार श्मुएल योसेफ अग्नोन यांचे जीवन थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

अग्नोन यांचा जन्म गॅलिशिया प्रांतातील बुचाच या गावी झाला. त्या वेळी हा मुलूख ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलाखाली होता. आता तो युक्रेनमध्ये आहे. त्यांचे मूळ आडनाव चाचकेस. आपला जन्म १८८८ सालच्या तिशा बेआवला झाला असे ते स्वतः सांगत, परंतु अभ्यासकांच्या मते खरे साल १८८७ आहे. पवित्र मंदिराच्या नाशाच्या दिवशी आपण जन्मलो, हे या कथाकाराला आपल्या आयुष्याचे योग्य प्रकरण पहिले वाटले असावे. कथाकाराची सवय ती. स्वतःची जन्मतारीखसुद्धा तो रचल्याशिवाय सोडीत नाही!

वडील फरच्या कातड्यांचा व्यापार करीत आणि धर्मशास्त्रातही पारंगत होते. त्यांच्याकडून मुलाला तालमूदचे शिक्षण मिळाले, तर आई एस्तेरकडून जर्मन गोष्टी ऐकावयास मिळाल्या. आठव्या-नवव्या वर्षापासून हा मुलगा लिहू लागला. १९०३ साली, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्याचे लिखाण छापून आले. तेव्हा तो यिद्दिश आणि हिब्रू या दोन्ही भाषांत लिहीत असे. घरातली भाषा यिद्दिश, ग्रंथांची भाषा हिब्रू. कोणत्या भाषेत लिहावे, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू, कचेरीत इंग्रजी, अशा तीन पेठांत आपलेही बालपण गेले आहे.

१९०८ साली हा तरुण याफो बंदरात उतरला. पोटापाण्यासाठी त्याने सेक्रेटरीची कामे केली आणि रात्री लेखन केले. त्याच वर्षी एका मासिकात त्याची 'अगुनोत' ही कथा प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रीचा नवरा नाहीसा झाला आहे किंवा तिला गेट देत नाही, जी ना सुवासिनी ना मोकळी, ती अगुना. या शब्दावरून लेखकाने 'अग्नोन' अशी सही केली. पुढे १९२४ साली तेच त्यांचे कायदेशीर आडनाव झाले. एकीकडे सोडलेले गाव आणि दुसरीकडे नवा देश, यांच्यामध्ये अडकून पडलेला माणूस हा त्यांच्या कथांचा विषय त्या नावातच आहे. याफोला आल्यावर त्यांनी यिद्दिश लेखन सोडले आणि पुढे आयुष्यभर हिब्रूतच लिहिले.

कोणताही नवा लेखक एकट्याने उभा राहत नाही. अग्नोन यांना योसेफ हाइम ब्रेन्नर हा थोर लेखकमित्र लाभला. ब्रेन्नर स्वतः गरिबीत राहत, तरी १९१२ साली त्यांनी आपल्या पदराला खार लावून अग्नोन यांची एक दीर्घकथा पुस्तकरूपाने छापली. १९२१ च्या याफोच्या दंगलीत ब्रेन्नर मारले गेले.

पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वी अग्नोन जर्मनीला गेले आणि तेथे जवळजवळ बारा वर्षे राहिले. तेथे त्यांना झाल्मन शोकेन हे धनाढ्य व्यापारी भेटले. मोठमोठी दुकाने चालविणारा हा मनुष्य ग्रंथांचा वेडा होता. या तरुणाला चरितार्थाची चिंता नसली तर तो मोठे लिहील हे त्यांनी ओळखले आणि दरमहा वेतन बांधून दिले. पुढे शोकेन यांनीच प्रकाशनसंस्था काढून अग्नोन यांचे समग्र लेखन प्रसिद्ध केले. लेखकापुढची पहिली अडचण पोटाची असते. ती एकाने दूर केली, तर दुसऱ्याला लिहिता येते.

१९२० साली एस्तेर मार्क्स यांच्याशी अग्नोन यांचा विवाह झाला. एक कन्या व एक पुत्र झाले. बाड होम्बुर्ग या गावी संसार मांडला गेला. घरात सुमारे चार हजार ग्रंथांचा संग्रह होता. एक मोठी कादंबरी पुरी होत आली होती. तत्त्ववेत्ते मार्टिन बुबर यांच्याबरोबर हसिदी कथांचा संग्रह करण्याचे कामही चालले होते. अशा वेळी जून १९२४ मध्ये घराला आग लागली. माणसे वाचली, परंतु ग्रंथ, हस्तलिखिते, कादंबरी, सर्व काही भस्म झाले. अग्नोन यांनी ती कादंबरी पुन्हा कधीच लिहिली नाही.

वाचकहो, येथे आमची एक क्षुल्लक गोष्ट सांगतो. इकडे येण्यापूर्वी आम्ही मुंबईत सहा कथा लिहिल्या होत्या. कोकणातले आमचे घर, आजी, मलिद्याचा दिवस, तेलाच्या घाण्याचा आवाज, असे त्यांतले विषय. सामान फार झाले म्हणून ती वही आम्ही गावी माळ्यावर एका पेटीत ठेवली. काही वर्षांनी परत गेलो तेव्हा पेटी होती, परंतु वहीची वाळवीने माती केली होती. आम्ही मनात म्हटले, झाले, आता आपले लेखन संपले! आणि ते खरोखरीच संपले. पुढे उल्पानमध्ये हिब्रू शिकलो, शाळेत नोकरी केली, मुलांच्या वह्या तपासल्या. स्वतःची वही पुन्हा उघडली नाही. दोष वाळवीचा, असे आम्ही वर्षानुवर्षे सर्वांना सांगत आलो.

अग्नोन यांनी काय केले ते पाहा. त्याच वर्षी ते येरुशलाईमला परत आले आणि लिहावयास बसले. बसले म्हणण्यापेक्षा उभे राहिले असे म्हणावे, कारण ते उभ्याने लिहीत. प्रार्थनालयात पोथी ठेवण्यासाठी जसे उंच तिरपे मेज असते, तशा मेजापुढे उभे राहून ते काम करीत. अक्षर इतके बारीक आणि किचकट की ते लावणे परक्याला कठीण. पत्नी एस्तेर ते वाचून टंकलेखन करीत. एस्तेरबाईंच्या डोळ्यांवर अर्धे हिब्रू साहित्य तरले, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

त्यांची दुसरी सवय म्हणजे एकदा लिहिलेले पुन्हा लिहिणे. छापून झालेली कथासुद्धा त्यांच्या दृष्टीने पुरी झालेली नसे. १९११ साली प्रसिद्ध झालेली एक कथा त्यांनी १९१९ मध्ये नव्याने लिहून तिला नवे नाव दिले. 'हाखनासत काल्ला' ही त्यांची गाजलेली कादंबरी प्रथम १९२० साली लहान कथा म्हणून आली आणि १९३१ मध्ये मोठा ग्रंथ होऊन आली. त्यात रेब युदेल नावाचा एक गरीब भाविक मुलींच्या लग्नासाठी हुंडा जमवावयास गाडीत बसून गावोगाव हिंडतो आणि वाटेत भेटेल त्याच्या गोष्टी ऐकत जातो. ती वाचताना आम्हांला मुलीच्या लग्नाच्या काळजीने झोप उडालेले आपल्या गावचे कितीतरी बापे आठवले.

सर्व लेखक सारखे नसतात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. हरिभाऊ आपटे आपल्या 'करमणूक' पत्रासाठी आठवड्याच्या आठवड्याला कादंबरीची प्रकरणे पुरवीत. अग्नोन मात्र घोटून घोटून लिहिणारे. परंतु तिघांमध्ये एक गोष्ट समान होती. स्फूर्ती येईल तेव्हा लिहू असे म्हणत कोणीही थांबले नाही. तुरुंग असो, छापखान्याचा तगादा असो की जळालेले घर असो, कागद पुढे ओढणे त्यांनी सोडले नाही.

अग्नोन यांच्या नशिबी दुसरा आघातही होता. ऑगस्ट १९२९ च्या दंगलीत येरुशलाईमच्या तालपियोत भागातील त्यांचे घर लुटले गेले आणि पुन्हा जमविलेल्या ग्रंथांची नासधूस झाली. १९३१ साली त्यांनी तेथेच नवे घर बांधले. पुढे रस्त्यावरच्या रहदारीने लेखनात व्यत्यय येऊ लागला तेव्हा नगरपालिकेने तेथे वाहनांना मनाई करून, येथे लेखक काम करीत आहेत अशा अर्थाची पाटी लावली. समोरच प्राध्यापक क्लाउस्नेर राहत. दोघांचे फारसे सख्य नव्हते. नियतीचा विनोद असा की तो रस्ता आज क्लाउस्नेर यांच्या नावाने आहे, आणि अग्नोन यांना आपल्या घराचा पत्ता जन्माचा त्याच नावाने मिळाला!

१९३० साली अग्नोन आपल्या जन्मगावी बुचाचला थोडे दिवस जाऊन आले. युद्धाने गाव खंगले होते. या भेटीतून 'ओरेआख नाटा लालून', म्हणजे एका रात्रीचा पाहुणा, ही कादंबरी निघाली. ती 'हाआरेत्झ' वृत्तपत्रात क्रमशः येऊन १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यातील पाहुणा आपल्या गावी येतो आणि जुन्या बेत मिद्राशची किल्ली त्याच्या हाती येते. तो दार उघडतो, चूल पेटवितो, लोकांना बोलावतो. थंडीत ऊब मिळते म्हणून लोक येतात. थंडी सरते तसे ते पांगतात. शेवटी तो येरुशलाईमला परत येतो, तेव्हा ती किल्ली त्याच्याच सामानात सापडते.

काही वर्षांतच बुचाचच्या यहुदी वस्तीचा नाझींनी संहार केला. त्यानंतर त्या गावाला अग्नोन यांच्या कागदांवाचून दुसरे घर उरले नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी बुचाचच्या माणसांच्या, हाझानांच्या, रब्बींच्या गोष्टी एकामागून एक लिहिल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९७३ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ झाला.

१० डिसेंबर १९६६ रोजी स्टॉकहोम येथे स्वीडनच्या राजाच्या हस्ते त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिब्रू लेखकाला मिळालेले हे पहिलेच. कवयित्री नेली झाक्स यांच्याबरोबर ते विभागून देण्यात आले. तो दिवस शब्बाथचा होता आणि हनुक्काचे दिवस चालू होते. राजाचे दर्शन झाले असता म्हणावयाची बेराखा त्यांनी तेथे म्हटली. आपल्या भाषणात त्यांनी जळालेल्या हस्तलिखितांचाही उल्लेख केला. बेचाळीस वर्षांनंतर, एवढ्या मानाच्या क्षणीही, ती आग त्यांच्या मनात विझली नव्हती. म्हणजे दुःख विसरल्यामुळे ते लिहू शकले असे नव्हे. दुःख जसेच्या तसे असताना ते लिहीत राहिले.

१७ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. येरुशलाईमच्या जैतून पर्वतावर त्यांचे दफन करण्यात आले. 'शिरा' ही कादंबरी अपुरीच राहिली होती. कन्या एमुना यांनी ती १९७१ साली प्रसिद्ध केली. तालपियोतचे घर आता लोकांना पाहण्यासाठी खुले असते. वरच्या मजल्यावर ग्रंथांच्या भिंती आणि ते उभ्याने लिहिण्याचे मेज आहे. सवड काढून नातवंडांना घेऊन जरूर जावे.

आम्ही गेलो होतो तेव्हा त्या मेजापुढे जरा वेळ उभे राहिलो आणि आमच्या मनात नवगावचा किनारा आला. आपले पूर्वज जहाज फुटून तेथे लागले, त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, आणि तोंडात फक्त शेमा राहिला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ग्रंथ बुडाले म्हणून त्यांनी शेमा सोडला नाही. मग वाळवीने सहा कथा खाल्ल्या म्हणून आपण गप्प का बसलो? घाण्याचा आवाज तर वाळवीने खाल्ला नव्हता. तो आमच्या कानात होता. आळस आमचा होता.

आपली कोकणातली गावे कोणी जाळली नाहीत. शेजाऱ्यांनी डोळे पुसत आपल्याला निरोप दिला, आणि आपण आपखुशीने आलो. हा मोठा फरक आहे आणि त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानावे. परंतु आपण उठून आल्यावर ती घरे बंद झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पेटीत अशी एखादी किल्ली असेल. ज्यांना त्या कुलपांच्या आतले ठाऊक आहे ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि आमची नातवंडे मराठी ऐकून समजतात, वाचू शकत नाहीत.

घरी आल्यावर आम्ही एक नवी वही विकत घेतली. पहिल्या कथेचे शीर्षक जुनेच ठेवले. जुनी वाक्ये आठवली नाहीत, नवी लिहिली. ती बरी की वाईट हे आम्हांला समजत नाही, परंतु रोज सकाळी चहा झाल्यावर एक पान लिहितो. गुडघे दुखतात म्हणून बसूनच लिहितो. आतापर्यंत दोन कथा झाल्या आहेत, चार राहिल्या आहेत.

वाचकहो, आपलीही वही काढा. शालोम.