डॉ. शांतिस्वरूप भटनागर : आपल्या शेजारच्या प्रयोगशाळेमागचा माणूस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे सेक्रेटरींनी सांगितले तेव्हा माझा विचार बँकेतल्या आठवणी लिहिण्याचा होता. पण पंचवीस वर्षे आपण पाषाण रस्त्यावरून येतो-जातो, एनसीएलचे फाटक बसच्या खिडकीतून पाहतो, आणि आपल्यातले काही सभासद तर तिथूनच निवृत्त झालेले आहेत. ही प्रयोगशाळा इथे आली कशी, असे मी एकदा संध्याकाळी कट्ट्यावर विचारले तर चारजणांनी चार नावे सांगितली. त्यात ज्याचे नाव यायला हवे होते ते एकानेही घेतले नाही. म्हणून ठरवले, लिहायचे तर त्यांच्यावरच.

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातल्या भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. मूल आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. आई मुलांना घेऊन उत्तर प्रदेशातल्या सिकंदराबादला माहेरी आली. आजोबा इंजिनियर होते. आजोळच्या घरात यंत्रे, अवजारे, मोडतोड करायला भरपूर सामान. हा मुलगा तारा जोडून खेळण्यातले टेलिफोन आणि बॅटऱ्या बनवायचा. आजोळी लहानाचे मोठे होणे काय असते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. लाड होतात, पण आपण इथे पाहुणे आहोत हेही मनात कुठेतरी असतेच.

पुढे लाहोरला वडिलांच्या ओळखीचे हेडमास्तर लाला रघुनाथ सहाय यांनी त्याला आपल्या शाळेत आणले. याच हेडमास्तरांची मुलगी लाजवंती पुढे त्यांची पत्नी झाली. कॉलेजात असताना या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला नाटकाचे वेड होते. उर्दूत त्याने एकांकिका लिहिली आणि तिला बक्षीसही मिळाले. उर्दू शायरी तर त्यांनी आयुष्यभर केली.

दयालसिंग ट्रस्टने त्यांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. जायचे होते अमेरिकेला. लंडनपर्यंत पोचले, पण पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले, परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी बोटी भरलेल्या, जागाच मिळेना. मग ट्रस्टच्या परवानगीने लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. डोनन यांच्याकडे राहिले आणि १९२१ मध्ये डी.एस्सी. झाले. या काळात त्यांना ब्रिटिश सरकारच्या शास्त्रीय व औद्योगिक संशोधन खात्याचे वर्षाला २५० पौंड मिळत. सरकारने आपल्या तिजोरीतून पैसे बाजूला काढायचे, ते हुशार माणसाला द्यायचे आणि त्याच्या कामाचा फायदा देशातल्या उद्योगांना करून द्यायचा, ही व्यवस्था त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती, तिच्यावर जगून पाहिली होती. वीस वर्षांनी आपल्याकडे जे झाले त्याची मुळे मला तरी इथे दिसतात.

परत आल्यावर तीन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापकी. त्या विद्यापीठाचे कुलगीत, जे आजही तिथे गातात, ते या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाने लिहिलेले आहे! १९२४ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात आले आणि पुढची सोळा वर्षे तिथेच. पदार्थाच्या चुंबकीय गुणांवरून त्याची रासायनिक रचना ओळखायची हा त्यांचा खास विषय. के. एन. माथुर यांच्याबरोबर १९२८ मध्ये त्यांनी हे मोजायचा एक अतिशय नाजूक तराजू तयार केला. त्यातले तांत्रिक मला समजत नाही, तेव्हा मी पुढे जातो.

कारण मला ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला तो आता येतो. रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी तेलासाठी विहिरी खणत होती. खणताना विहिरीत पातळ चिखल सोडतात. त्याने खणायचे पाते थंड राहते आणि फुटलेला दगडाचा चुरा वर येतो. पण जमिनीत खाली मिठाचे थर लागले की हा चिखल मिठामुळे घट्ट व्हायचा, दगडासारखा बसायचा आणि काम ठप्प. कंपनीने भटनागरांना विचारले. त्यांनी सुचवलेला उपाय काय, तर चिखलात डिंक घाला! आपल्याकडे हिवाळ्यात लाडूत घालतो त्याच जातीची गोष्ट. शास्त्र असे की मिठामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. डिंकाचा लेप कणावर बसला की ते सुटे राहतात आणि चिखल वाहता राहतो.

काम सुरू झाले. कंपनीची चालक लंडनची स्टील ब्रदर्स. त्यांनी खूश होऊन भटनागरांना संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. १९३४ च्या आसपासचे दीड लाख म्हणजे काय रक्कम असेल, हे ज्याने आयुष्यभर व्याजाचे हिशोब केले त्याला विचारा. भटनागरांनी कंपनीला सांगितले, पैसे माझ्या हातात नकोत, विद्यापीठाला द्या. त्यातून लाहोरला पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उघडला आणि तरुण मुलांना तिथे शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्यांनी रॉकेलची ज्योत कशी वाढेल, मेणाचा वास कसा जाईल, तेल गाळून उरलेल्या टाकाऊ मालाचे काय करता येईल यावर काम केले. कंपनीला त्याचा इतका फायदा झाला की रक्कम अडीच लाखांवर गेली आणि मुदत दहा वर्षांची झाली. मेघनाद साहांनी त्यांना मुद्दाम पत्र लिहून कौतुक केले.

इथे एक गोष्ट सांगतो, स्वतःच्याच विरुद्धची. मी एका तालुक्याच्या गावी ब्रँच मॅनेजर असताना एक केमिस्ट्री शिकलेला मुलगा कर्जासाठी आला होता. साखर कारखान्याच्या मळीतून काहीतरी काढायची त्याची कल्पना. कागद व्यवस्थित, बाटलीत नमुनाही आणलेला. पण तारण नव्हते, जामीनदार नव्हता. मी फाईल बंद केली. नियमाने बरोबरच केले. तो मुलगा पुन्हा आला नाही आणि मीही चौकशी केली नाही. भटनागरांबद्दल वाचताना ती बाटली सारखी डोळ्यासमोर येते.

असो. दुसरे महायुद्ध सुरू झाले, बाहेरून माल येईना, तेव्हा इंग्रज सरकारला हिंदुस्थानातले शास्त्रज्ञ आठवले. सर रामस्वामी मुदलियार यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये संशोधनाचे एक मंडळ निघाले आणि भटनागर त्याचे संचालक झाले. वर्षाला पाच लाख रुपये. मग या दोघांनी मागे लागून मध्यवर्ती कायदेमंडळाकडून दरवर्षी दहा लाखांचा औद्योगिक संशोधन निधी मंजूर करून घेतला. २६ सप्टेंबर १९४२ रोजी सीएसआयआर अस्तित्वात आली. गंमत म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सीएसआयआर हीसुद्धा एक नोंदणी झालेली सोसायटीच आहे. तिचे अध्यक्ष मात्र देशाचे पंतप्रधान असतात. आपल्याकडे चेअरमन व्हायला कोणी तयार होत नाही!

१९४३ मध्ये भटनागर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. सर ही पदवी आधीच, १९४१ मध्ये मिळाली होती. १९४६ मध्ये लाजवंतीबाई गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी भटनागरांनी आपल्या उर्दू कवितांचा संग्रह काढला आणि त्याला त्यांचेच नाव दिले. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. भेरा गेले, लाहोर गेले, तो पेट्रोलियमचा विभागही तिकडेच राहिला. माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर हे सगळे बघायचे आणि सकाळी उठून ऑफिसला जायचे.

आणि ते गेले. नेहरूंचा पूर्ण पाठिंबा होता. आपल्या एनसीएलची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसली, टाटांच्या ट्रस्टने मोठी देणगी दिली, आणि ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तेव्हा हा भाग म्हणजे गावाबाहेरचे माळरान. पहिले संचालक मॅकबेन हे परदेशी. योग्य माणूस हवा, मग तो कुठलाही असो, हा भटनागरांचा खाक्या. त्याच महिन्यात दिल्लीची भौतिकी प्रयोगशाळा उघडली, तिथे के. एस. कृष्णन. पाच वर्षांत अशा डझनभर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

सगळ्यांना हे आवडले असे नाही. सी. व्ही. रामन यांनी या धडाक्याला नेहरू-भटनागर परिणाम असे नाव देऊन टोमणा मारला. ज्यांच्या स्वतःच्या नावाचा परिणाम जगभर शिकवला जातो त्यांचा टोमणा, म्हणजे लागलाच असणार. एकेकाळी कौतुक करणाऱ्या साहांचीही तक्रार होती की पैसा आणि हुशार माणसे प्रयोगशाळांकडे गेली तर विद्यापीठे कोरडी पडतील. मला विचाराल तर या तक्रारीत तथ्य आहे. कॉलेजांतल्या प्रयोगशाळांची अवस्था आपल्या मुला-नातवंडांना विचारा. पण लाहोरला स्वतःचे पैसे विद्यापीठाला देणारा हाच माणूस होता आणि विद्यापीठ अनुदान मंडळाचा पहिला अध्यक्षही १९५३ मध्ये तोच झाला. त्या बाजूला लक्ष घालायला त्यांना वेळच मिळाला नाही. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने ते गेले. वय साठ.

त्यांच्या नावाचे पारितोषिक त्यानंतर सुरू झाले. पहिले, १९५८ चे, के. एस. कृष्णन यांना मिळाले. पुढे अट अशी ठरली की घेणारा पंचेचाळीस वर्षांच्या आतला हवा. म्हणजे आयुष्यभराच्या कामाबद्दलची शाल-श्रीफळ नव्हे, अजून वीस वर्षे काम करायचे आहे अशा माणसाला वेळेवर दिलेली थाप. जयंत नारळीकरांना १९७८ मध्ये आणि रघुनाथ माशेलकरांना १९८२ मध्ये ते मिळाले. माशेलकर तेव्हा इथेच, एनसीएलमध्ये होते. पुढे ते तिचे संचालक आणि १९९५ मध्ये सीएसआयआरचे प्रमुख झाले, म्हणजे भटनागरांच्याच खुर्चीवर बसले. २०२४ पासून हे पारितोषिक राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत घेतले आहे, पण वयाची अट आणि भटनागरांचे नाव दोन्ही कायम आहे.

दर वर्षी २६ सप्टेंबरच्या सुमारास सीएसआयआरच्या स्थापना दिनानिमित्त एनसीएल सर्वांना पाहायला खुली असते. मागे एकदा मी नातीला घेऊन गेलो होतो. एका तरुण मुलीने काचेच्या भांड्यातला गढूळ द्रव आमच्यासमोर स्वच्छ करून दाखवला. नातीने तिला इतके प्रश्न विचारले की मागची रांग कुरकुरायला लागली. या वर्षी ज्यांना यायचे असेल त्यांनी मला सांगावे. गेटपाशी जमून बरोबरच जाऊ, चालत पंधरा मिनिटे लागतात.