नळामागचे तळे : महाराजा सयाजीराव गायकवाड

पावसाळा लागला की बडोद्यात घरोघर एकच चौकशी असते, आजव्याचे पाणी किती फुटांवर आले? आपल्या वडीलधाऱ्यांना हा आकडा रोजच्या रोज माहीत असतो. मुलांना मात्र आजवा म्हटले की तिथली बाग आणि कारंजी आठवतात. ते तळे कोणी बांधले आणि कशासाठी, हे त्यांना सांगायचे राहून गेले आहे. म्हणून यंदाच्या अंकात आम्ही श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे चरित्र पाण्याच्या अंगाने मांडत आहोत.

महाराजांचा जन्म 1863 सालचा, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावचा. मूळ नाव गोपाळराव. घर शेतकऱ्याचे. पाऊस वेळेवर आला नाही तर घरात काय होते, हे अशा घरातल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शिक्षण सुरू झाले ते राजवाड्यात आल्यावर. पाण्याची ओढ आणि अक्षराची ओढ, दोन्ही त्यांनी स्वतः अनुभवलेल्या होत्या. पुढच्या कारभारात या दोन गोष्टींना त्यांनी इतके महत्त्व दिले, त्याचे मूळ आम्हाला इथे दिसते.

1881 च्या अखेरीस कारभाराची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या वेळी शहराची तहान विहिरी, वावी आणि तलाव यांवर भागत असे. उन्हाळ्यात पाणी खाली जाई, गढूळ होई, आणि पाठोपाठ रोगराई येई. महाराजांनी शहराबाहेर कायमचा साठा करायचे ठरवले. शहराच्या पूर्वेला, पावागडाच्या बाजूने उतरणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठी आजव्याला मातीचा लांबच लांब बांध घालण्याचे काम 1885 मध्ये सुरू झाले आणि 1892 मध्ये पुरे झाले. हेच सयाजी सरोवर. तिथून शहराकडे जमिनीला उतार असल्याने पाणी आपोआप वाहत येते. त्या वेळी शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर होती, पण बांधताना विचार पुढच्या पिढ्यांचा केला होता. आम्ही सरकारी नोकरीत आहोत. एखादे काम सात वर्षे सतत पाठपुरावा करून तडीस नेणे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे.

शहरात नळ आले, पण राज्याच्या खेड्यांवर अजून मोठे संकट यायचे होते. 1899-1900 चा दुष्काळ गुजरातेत आजही छप्पनियो म्हणून ओळखला जातो, कारण ते विक्रम संवत 1956 होते. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले. पाहिलेल्या गोष्टींची त्यांनी टिपणे केली, ती पुढे छापलीही गेली. 1891 च्या शिरगणतीत बडोदा राज्याची लोकसंख्या 24 लाखांवर होती, ती 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांच्या आसपास आली. पाण्याविना काय होते, ते या दोन आकड्यांत आहे.

शिक्षणाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो सर्व राज्यात लागू झाला. मुलींनाही शाळा सक्तीची झाली. 1910 पासून ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. नुसती सोय करून देऊन महाराज थांबत नसत. ती सोय समजून घेणारी आणि सांभाळणारी माणसे तयार व्हावीत, यासाठी त्यांची धडपड होती. 1939 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज बडोद्याला महीच्या पात्रातल्या विहिरींचे आणि नर्मदेचेही पाणी मिळते. पण शहराच्या काही भागांत अजून आजव्याचे पाणी येते. तोटी फिरवली की पाणी येते, त्यामुळे मुलांना पाणी नळातच तयार होते असे वाटू लागले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली, तेव्हा त्याच मुलांनी पाण्याचे दुसरे रूप पाहिले. पाणी मुरायच्या आणि साठायच्या जागा बुजवल्या की उन्हाळ्यात टंचाई येते आणि पावसाळ्यात पूर. हे मुलांना पुस्तकातून थोडेच कळते, हाताने करून जास्त कळते.

तेव्हा यंदा आम्ही पालकांना तीन गोष्टी सुचवतो. मुलांना एकदा आजव्याचा बांध दाखवा. पावसाळाभर तिथल्या पातळीचा आकडा त्यांच्याच हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या. आणि घरातल्या गळक्या तोटीखाली रात्री बादली ठेवून सकाळी तांब्याने पाणी मोजायला सांगा. तोटी दुरुस्त करा म्हणून मग तेच तुमच्या मागे लागतील.

सूरसागरात पूर्वी थाटात होणारे विसर्जन आता नवलखीसारख्या कृत्रिम तलावांत होते. काही ज्येष्ठांना याची रुखरुख वाटते आणि ती आम्ही समजू शकतो. पण तलाव स्वच्छ राहावा म्हणून बाप्पाला दुसऱ्या वाटेने निरोप देताना मुले आपल्याकडे पाहत असतात. त्यांना कारण सांगा. ज्या राजाने पाणी आणि शाळा दोन्ही आपल्या दारापर्यंत आणली, त्याच्या शहरातल्या मुलांना एवढे तरी कळायलाच हवे.