वॉल्टर कॉफमन : संकेतधून आणि निर्वासित जीवन

आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होण्यापूर्वी वाजणारी संकेतधून आपण लहानपणापासून ऐकली आहे. या धुनेचे रचनाकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते वॉल्टर कॉफमन मुंबईत आश्रयाला आलेले ज्यू संगीतकार होते.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिन व प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले. प्रागमधील आपले प्राध्यापक नाझी गटाचे नेते असल्याचे कळताच त्यांनी डॉक्टरेट पदवी नाकारली. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांना तेथील रंगमंच बंद झाले. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईला आले.

येथे त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली व आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी सांभाळली. आरंभी दुर्बोध वाटलेले भारतीय संगीत त्यांनी चिकाटीने समजून घेतले. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची पत्नी गर्टी ही लेखक फ्रांझ काफ्का यांची भाची. तिची आई एली हिला १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधील लोझच्या बंदिस्त ज्यू वस्तीत नेण्यात आले. ती परतली नाही. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या वंशसंहारात बळी पडल्या.

१९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. कॅनडातील विनिपेग येथे वाद्यवृंदाचे संचालन आणि नंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन करून ते ९ सप्टेंबर १९८४ रोजी निवर्तले.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या जरीपटक्यात घरदार सुटण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तरीही शिस्तप्रिय माणसाला सहज ‘हिटलर’ म्हणण्याची सवय आपल्या बोलण्यात रुळली आहे. या प्रयोगात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या नजरेआड होते आणि उरतो तो केवळ करारी स्वभाव. ज्यूद्वेष हा युरोपाचा गतकालीन विषयही नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाऊसमधील माणसे ज्यू असल्यामुळेच लक्ष्य झाली होती.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील बोलण्यात व लेखनात ‘हिटलर’ हे नाव कोणत्या अर्थांनी येते, याची पाच उदाहरणे नोंदवा. प्रत्येक ठिकाणी कोणता पर्यायी शब्द योजता येईल, ते लिहा.