ज्युलिया कॅमेरॉन आणि त्यांची दोन भिंगे

छायाचित्रणाची हौस नव्याने लागलेला माणूस कॅमेरा घेतो आणि लगेच भिंगापाशी अडतो. माणसांचे चेहरे चांगले यावेत म्हणून कोणते भिंग घ्यावे, ते खिशाला झेपेल की नाही, आज हलक्यातले घेतले तर उद्या पश्चात्ताप होईल की काय, या विवंचनेत त्याचे महिनेच्या महिने जातात. अशा माणसाने ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचे चरित्र एकदा नजरेखालून घालावे. हे चरित्र आपल्याला अगदीच परके आहे असेही नाही. बाईंचा जन्म कलकत्त्याचा, लग्न कलकत्त्याचे, आणि देह ठेवला तो सिलोनात.

वडील जेम्स पॅटल हे कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत होते. आई फ्रेंच घराण्यातली. ११ जून १८१५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे शिक्षण बहुतांशी फ्रान्समध्ये आजीजवळ झाले. पुढे हवापालटासाठी ती केप ऑफ गुड होप येथे जाऊन राहिली असता, १८३६ साली, तिथे दोन माणसांची ओळख झाली आणि त्या दोन ओळखींनी तिचे उरलेले आयुष्य घडवले. एक, चार्ल्स हे कॅमेरॉन. हे कायदेपंडित, वयाने वीस वर्षांनी मोठे. १८३८ मध्ये कलकत्त्यास त्यांच्याशी विवाह झाला. मेकॉलेच्या हाताखाली हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा तयार करणाऱ्या आयोगाचे ते सभासद होते. ती संहिता १८६० साली संमत झाली आणि २०२४ पर्यंत आपल्या न्यायालयांतून चालू होती, हे वकिली घराण्यांतील वाचकांना सांगायला नकोच.

दुसरी ओळख सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदांची. दक्षिण गोलार्धातील तारे पाहण्यासाठी ते केपला मुक्काम करून होते. छायाचित्र पक्के करणाऱ्या ‘हायपो’चा गुण शोधून काढणारे हेच ते हर्शेल. १८४२ साली त्यांनी छायाचित्रांचे काही नमुने कलकत्त्याला धाडले, तेव्हा या नव्या विद्येचे पहिले दर्शन बाईंना घडले. पण पुढची एकवीस वर्षे संसारातच गेली. सहा मुले, शिवाय पोरक्या झालेल्या नातलगांच्या मुलांचा सांभाळ, आल्यागेल्याची सरबराई. १८४८ मध्ये कॅमेरॉन कुटुंब विलायतेस परतले. १८६० साली त्यांनी आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर येथे, कवी टेनिसन यांच्या शेजारी, दोन घरे विकत घेतली आणि सिलोनातल्या आपल्या मळ्यावरून त्यांना डिंबोला हे नाव दिले. सारी मिळकत कॉफीच्या मळ्यांवर अवलंबून, आणि मळ्यांची आवक धड नाही, अशी घरची परिस्थिती होती.

१८६३ च्या डिसेंबरात यजमान सिलोनला गेलेले असताना लेकीने आणि जावयाने बाईंना एक कॅमेरा भेट दिला. आईचे मन रमावे एवढाच त्यांचा हेतू. बाईंचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस. त्याआधी छायाचित्रांचे अल्बम जमवणे, दुसऱ्याच्या काचेवरून कागदावर ठसे काढणे इतपत त्यांनी केले होते. पण कॅमेऱ्यामागे उभे राहून स्वतः चित्र घेणे ही गोष्ट निराळी. कोळशाच्या खोलीचे अंधारघर झाले. कोंबड्यांच्या खुराड्याला काचा होत्या, तिथे चित्रे घेण्याची सोय झाली. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची, असा तो खटाटोप होता. बोटे काळी, लुगडी, म्हणजे त्यांचे झगे म्हणू या, डागाळलेले. २९ जानेवारी १८६४ रोजी ॲनी नावाच्या एका लहान मुलीचे चित्र मनासारखे उतरले. त्यालाच बाई आपले पहिले यश मानीत.

आता त्या पहिल्या भिंगाकडे वळू. ते फ्रान्समधील जामँ या कारागिराचे, पेट्झव्हाल धाटणीचे, सुमारे १२ इंच केंद्रांतराचे होते. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये खास चेहऱ्यांच्या चित्रांसाठी हे भिंग गणिताने बसवले होते. आधीच्या भिंगांहून ते सुमारे सोळा पट प्रकाश आत घेई, म्हणून मिनिटांचे काम सेकंदांवर आले. त्याचे वैगुण्य एवढेच की चित्राच्या मध्यभागी ते तीक्ष्ण आणि कडांकडे मऊ होत जाणारे. बाईंची काच ११ बाय ९ इंचांची होती, म्हणजे तिचा कर्ण १४ इंचांहून थोडा अधिक. साधा आडाखा असा की काचेच्या कर्णाहून भिंगाचे केंद्रांतर दीड-दोन पट असले तर चेहरा प्रमाणात येतो. इथे केंद्रांतर कर्णाहूनही कमी! आजच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या कॅमेऱ्याला ३६-३७ मिलिमीटरचे भिंग लावून चेहरे टिपण्यासारखेच हे झाले. जवळ जावे तर नाक मोठे दिसते. दूर राहावे तर चेहरा लहान. शिवाय काच भिंगाच्या मानाने मोठी, म्हणून कडांचा मऊपणा चित्रात पुरता शिरायचा. आजचा कोणताही जाणता दुकानदार गिऱ्हाईकाला असे भिंग घेऊ नका म्हणून सांगेल.

बाईंनी भिंग बदलले नाही, बदलण्याची ऐपतही बेताचीच होती. त्यांनी पाहण्याची रीत बदलली. भिंग पुढेमागे सरकवताना जिथे प्रतिमा डोळ्यांना सुंदर वाटे तिथे त्या थांबत; इतर छायाचित्रकार ज्या तीक्ष्ण बिंदूपर्यंत जात तिथवर जाण्याचा हट्ट त्या धरीत नसत. काळे कापड मागे, उजेड एकाच बाजूने, आणि बसणारा माणूस कित्येक मिनिटे स्तब्ध. मंडळींची त्याबद्दल तक्रार असे. टेनिसनसारखा थोर पुरुष असो की घरची मोलकरीण, बाईंच्या तावडीतून सुटका नसे.

छायाचित्रकारांच्या पत्रांनी १८६५ साली त्यांची यथेच्छ टर उडवली. चित्रे धूसर, काचेवर ओरखडे, बोटांचे ठसे. ही कला नव्हे, गबाळेपणा आहे, असा सूर होता. लुईस कॅरोल स्वतः उत्तम छायाचित्रकार, त्यांनाही हे मुद्दाम केलेले धूसरपण रुचले नाही. चित्रकार मात्र बाईंच्या बाजूने होते. बाईंनी १८६४ च्या अखेरीस हर्शेल यांना पत्रातून विचारणा केली, तिचा मथितार्थ असा की कोणती तीक्ष्णता खरी हे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे. हा प्रश्न एका शास्त्रज्ञाला विचारण्याचे धैर्य त्यांनी दाखवले याचे मला कौतुक वाटते.

पण टीकाकारांच्या एका आक्षेपाला तोवर उत्तर नव्हते. भिंगच वाईट, त्यामुळे धूसरपण हा नाइलाज. त्यालाच बाई कलेचे नाव देतात, असे कोणी म्हटले तर काय सांगणार? उत्तर १८६६ साली मिळाले. लंडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन भिंगकार डॉलमायर यांनी त्याच वर्षी ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ नावाचे नवे भिंग बाजारात आणले. दोन सारखी जोडभिंगे समोरासमोर, मधे प्रकाशाचे छिद्र, अशी त्याची रचना. सरळ रेषा सरळच राहत आणि कडांपर्यंत चित्र स्वच्छ येई. बाईंनी ते ३० इंच केंद्रांतराचे घेतले आणि त्यासाठी १५ बाय १२ इंची काचांचा मोठा कॅमेरा केला. मोठ्या काचेचे कारण असे की त्या काळी चित्र मोठे करून छापणे फार जिकिरीचे होते. काच कागदावर ठेवून उन्हात ठसा काढत, म्हणजे काच जेवढी तेवढेच चित्र. या काचेचा कर्ण १९ इंचांच्या थोडा वर. तीस इंच म्हणजे त्याच्या दीडपटीहून अधिक. आता आडाखा बरोबर बसला. जवळजवळ खऱ्या आकाराचे मस्तक, नाकाडोळ्यांची प्रमाणे न बिघडता, काचेवर उतरू लागले.

आणि तरीही चित्रे मऊच राहिली. यात थोडा भाग भौतिकशास्त्राचा आहे, तो नाकारून चालणार नाही: एवढ्या मोठ्या आकारात घेतलेल्या चेहऱ्याचा एखाद्या बोटाच्या रुंदीइतकाच थर तीक्ष्ण येतो, आणि त्या भिंगाला प्रकाश कमी मिळत असल्याने तीन ते सात मिनिटे डोके निश्चल ठेवणे कोणालाच साधणारे नव्हते. परंतु लहान काच घेऊन, छिद्र बारीक करून, मान लोखंडी आधाराला टेकवून तीक्ष्ण चित्र काढण्याचा धोपटमार्ग खुला होताच. धंदेवाईक स्टुडिओतून तेच चाले. बाई त्या वाटेला गेल्या नाहीत.

१८६७ च्या एप्रिलमध्ये त्या वृद्ध हर्शेल यांच्या घरी सारे सामान घेऊन गेल्या. केस धुऊन पिंजारलेले, डोक्यावर काळी टोपी, अंगावर काळे वस्त्र. अंधारातून फक्त चेहरा वर आलेला. तीस वर्षांची ओळख, छायाचित्रणाचा हा एक जनक, आणि त्याचे डोळे आपल्याकडे नव्हे तर आपल्या पलीकडे पाहणारे. माझ्या मते बाईंच्या हातून याहून श्रेष्ठ चित्र झाले नाही. त्याच वर्षीचे कार्लाइल यांचे चित्र पुष्कळांना अधिक भावते. ते इतके हललेले आहे की ते दगडातून नुकतेच कोरून काढल्यासारखे दिसते. टेनिसनच्या राजकाव्यांसाठी १८७४-७५ मध्ये पोशाख चढवून घेतलेली चित्रे मात्र नाटक मंडळीच्या जाहिरातीसारखी वाटतात, मग ती कितीही नावाजलेली असोत.

पैशाची बाजू दुःखद आहे. हौसेचा खर्च भरून निघावा, घरालाही हातभार लागावा म्हणून बाईंनी १८६४ पासून पाचशेहून अधिक चित्रांचे हक्क नोंदवले. कोलनागी या लंडनच्या पेढीमार्फत विक्री ठेवली, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने १८६५ साली चित्रे घेतली आणि १८६८ मध्ये दोन खोल्याही वापरायला दिल्या. बर्लिनमध्ये १८६६ साली सुवर्णपदक मिळाले. इतके होऊनही घर सावरेल एवढी मिळकत कधी झाली नाही. त्यात १८६९ पासून सिलोनच्या कॉफीवर पानांचा रोग पडला.

१८७५ च्या ऑक्टोबरात पतिपत्नी सिलोनला निघाली, ती आपापल्या शवपेट्या बरोबर घेऊन; पेट्यांत चिनी मातीची भांडी भरली होती, म्हणजे जागाही वाया जायला नको! योगायोग असा की त्याच सुमारास, १८७४ साली, आपल्या इंदूरमध्ये बांधकाम खात्यात नोकरीला असलेल्या लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला होता. पुढे ते होळकरांचे आणि निजामाचे छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले.

सिलोनात बाईंच्या हातून फार थोडी चित्रे झाली. मळ्यांवरची माणसे, आणि १८७७ मध्ये पाहुणी म्हणून आलेली वनस्पतींची चित्रकार मारियान नॉर्थ. २६ जानेवारी १८७९ रोजी बाई वारल्या. स्वतःच्या कामाविषयी १८७४ मध्ये लिहायला घेतलेली त्यांची आठवण अपुरीच राहिली होती, ती १८८९ साली छापली गेली. त्यांच्या भाचीची, ज्युलिया जॅक्सन यांची, मुलगी म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वूल्फ. तेराव्या वर्षी आईला मुकलेल्या या मुलीने १९२६ साली आपल्या छापखान्यातून मावशी-आजीच्या चित्रांचे पुस्तक काढले आणि विस्मरणात गेलेले ते चेहरे पुन्हा लोकांपुढे आणले.