कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

मोरिवलीच्या विद्यार्थ्यास रसायन म्हटले म्हणजे कारखानेच आठवतात. परंतु सजीव पेशीतही रसायनाचा व्यापार अखंड चालू असतो. त्याच्या शोधार्थ कमलाबाई, तेव्हाच्या कु. भागवत, १९३३ मध्ये पदवी संपादून बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे वळल्या. सर चंद्रशेखर रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला! एवढ्या थोर पुरुषाकडून हे घडावे, हे नवलच. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या परीक्षणाची अपमानकारक अट सोसून त्या आत गेल्या. त्यांचे काम पाहून पुढे इतर स्त्रियांसही ते द्वार खुले झाले. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेस आवश्यक द्रव्य असल्याचे दाखविले व १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. विवाहोत्तर मुंबईस आल्यावर त्यांनी नीरेतील पोषक गुण तपासले. १९९८ मध्ये त्या निवर्तल्या.