संस्कृत नाकारली, फारसी पदरात पडली. तोच विषय घेऊन बाबासाहेब बी.ए. झाले

धाराशिव : पहिल्या वर्षाचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, हा विषय माझा नव्हताच. कोणाला गणित नडतं, कोणाला इंग्रजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्यालाही असाच एक विषय आला होता, आणि तो त्यांनी निवडलेला नव्हता.

शाळेत त्यांना संस्कृत शिकायची होती. अस्पृश्य म्हणून ती मिळाली नाही. थोरल्या भावालाही मिळाली नव्हती. मग फारसी घ्यावी लागली. लिपी वेगळी, तीही उजवीकडून डावीकडे, घरात तिचा संबंध नाही. (निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही अडचण जास्त समजेल.)

परळच्या चाळीत एकच खोली. भीमराव लवकर झोपायचे, वडील रामजी जागे राहायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या हिशेबात ३८ टक्केसुद्धा नाहीत! तरी समाजात सत्कार झाला. गुरुवर्य केळुसकरांनी शब्द टाकला, सयाजीराव गायकवाडांनी महिना २५ रुपये दिले, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी व फारसी घेऊन ते बी.ए. झाले. लादलेली भाषा त्यांनी कशीबशी ढकलली नाही, पदवीपर्यंत नेली. हुशारीपेक्षा इथं चिकाटी जास्त दिसते, असं आम्हाला वाटतं.

पुढं १९१३ ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ. तिथं अर्थशास्त्राचेच २९ कोर्स घेतले, आणि सोबत प्राथमिक फ्रेंच अन् प्राथमिक जर्मन. म्हणजे एम.ए.च्या वयात पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात.

सगळं सरळ झालं असंही नाही. लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ मध्ये दुरुस्तीसाठी परत आला. हातातले पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले, इथं बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि पाठवला. त्याच वर्षी तो मंजूर झाला.

संस्कृत मात्र त्यांनी सोडली नव्हती. ती पुढं स्वतःच्या कष्टानं शिकले. सप्टेंबर १९४९ मध्ये संस्कृत ही राजभाषा व्हावी, या दुरुस्तीच्या बाजूनं घटना समितीत जे उभे राहिले, त्यांत बाबासाहेब होते.

आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले, तेव्हा पन्नाशीला आले होते. त्यानंतरही शिकणं चालूच होतं. पाली भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण, ही कामं त्यांनी हाती घेतलेली होती.